स्टेटस चोवीस तासांचे, खटला एकोणीस महिन्यांचा



ट्विटर कंपनीने (तेव्हा तिचे 'एक्स' असे बारसे झालेले नव्हते) ३ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्या ॲपमधून 'फ्लीट्स' नावाची सोय काढून टाकली. फ्लीट म्हणजे चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होणारे ट्वीट. मार्च २०२० मध्ये ब्राझीलमध्ये त्याची चाचणी सुरू झाली, पुढे इटली आणि भारतातही झाली, नोव्हेंबर २०२० मध्ये ही सोय जगभर सर्वांना मिळाली, आणि नऊ महिने भरायच्या आत ती गुंडाळली गेली.

कंपनीचा मूळ हिशोब साधा होता. ट्वीट सर्वांना दिसते आणि कायम राहते, म्हणून पुष्कळ लोक लिहायला कचरतात. मग नाहीसे होणारे काहीतरी द्यावे, म्हणजे बुजरे लोकही बोलू लागतील! प्रत्यक्षात फ्लीट्स वापरले ते मुख्यतः आधीच भरपूर ट्वीट करणाऱ्यांनी, आणि तेही बऱ्याच वेळा आपल्याच ट्वीटचा गाजावाजा करायला. बुजरे होते तिथेच राहिले. हे निदान कंपनीने स्वतःच जाहीरपणे सांगितले.

ही बातमी तेव्हा तंत्रज्ञानाच्या पानावर आली आणि विसरली गेली. मला ती आजही महत्त्वाची वाटते. मी व्यवसायाने संशोधक, रसायनशास्त्रातली. आमच्याकडे नकारात्मक निष्कर्ष हाही निष्कर्षच असतो. 'बोललेले पुसले जाणार असेल, तर माणूस निर्धास्तपणे बोलेल' हे गृहीतक इथे मोठ्या प्रमाणावर तपासले गेले, आणि निदान त्या एका ठिकाणी ते टिकले नाही.

एका ॲपवरून सगळ्यांविषयी बोलता येणार नाही, हे मान्य. अशा तात्पुरत्या पोस्टचा जन्म स्नॅपचॅटवर झाला. तिथे 'स्टोरीज' ऑक्टोबर २०१३ मध्ये आल्या. ऑगस्ट २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने तीच कल्पना उचलली, फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपने 'स्टेटस'च्या रूपात. लिंक्डइनने आपल्या स्टोरीज सप्टेंबर २०२१ अखेर बंद केल्या, यूट्यूबने जून २०२३ मध्ये. पण इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर त्या जोरात आहेत. आपल्या आईवडिलांपर्यंत, गावाकडच्या भाचे-पुतण्यांपर्यंत पोहोचले ते व्हॉट्सॲपचे स्टेटसच. वाढदिवस, गणपतीची आरास, भावपूर्ण श्रद्धांजली, कारखान्याला निघालेला उसाचा ट्रॅक्टर, 'भाऊंना शुभेच्छा'... यातल्या कशालाच माझी हरकत नाही. चोवीस तासांनी आरास नाहीशी झाली तर बिघडत काहीच नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे: धर्म, जात, राजकारण आणि इतिहास यांवरचे मत मांडायला स्टेटस ही सर्वांत वाईट जागा आहे. ट्विटरने ही सोय ॲपमधून काढली, तशी आपण ती निदान अशा मतांपुरती आपल्या वापरातून काढावी. मत गिळून टाकावे असे मी म्हणत नाही. मत मांडावे, पण जागा बदलावी.

का, ते सांगते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मूळचे काश्मीरचे एक प्राध्यापक शिकवत होते. पालक आणि शिक्षक यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपचे ते सदस्य होते. १३ ते १५ ऑगस्ट २०२२ या काळात त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसला दोन गोष्टी ठेवल्या. ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे, ३७० कलम हटवल्याने आम्ही खूश नाही, ही एक. आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, ही दुसरी. हातकणंगले पोलीस ठाण्यात त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली, म्हणजे धर्मगटांत वैरभाव वाढवल्याबद्दल, गुन्हा दाखल झाला. (आता त्या कलमाची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ ने घेतली आहे.) एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला. अखेर ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने, तो रद्द केला.

तो निकाल मुळातून वाचण्यासारखा आहे. ३७० कलम रद्द करण्याच्या निर्णयावर टीका करण्याचा प्रत्येक नागरिकाला हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणे हा सदिच्छेचा भाग आहे, आणि देणारा विशिष्ट धर्माचा आहे म्हणून त्यामागे हेतू चिकटवता येणार नाही, असेही म्हटले. आपल्या पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवण्याची वेळ आली आहे, हेही सुनावले. शब्दांचा परिणाम मोजताना कच्च्या, डळमळीत मनाचा माणूस प्रमाण धरायचा नाही, समंजस आणि खंबीर मनाचा माणूस धरायचा, ही कसोटी न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केली. ही कसोटी मूळची आपल्या नागपूरची आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती घालून दिली.

निकाल आनंदाचा आहेच. पण हिशोब पाहा. स्टेटसचे आयुष्य चोवीस तास, त्यामागे लागलेल्या गुन्ह्याचे जवळजवळ एकोणीस महिने. या काळात त्या माणसाला हातकणंगले ते मुंबई ते दिल्ली असा प्रवास करावा लागला. इतका पैसा, इतका धीर आणि इतके चांगले वकील किती जणांना परवडतील?

आता दुसरी घटना, त्याच जिल्ह्यातली. जून २०२३. शिवराज्याभिषेकाचे साडेतीनशेवे वर्ष सुरू होत असल्याने वातावरण भारलेले होते. अशात औरंगजेब आणि टिपू सुलतान यांच्यावरून काही मुलांनी आक्षेपार्ह स्टेटस ठेवल्याची बातमी कोल्हापुरात पसरली. त्या मुलांत अल्पवयीनही होते. ७ जूनला काही हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला. जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला, जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावे लागले. ज्या शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत आरक्षण दिले, ज्यांनी इतर समाजांच्या वसतिगृहांबरोबर मुस्लिम बोर्डिंगही उभे केले, त्यांच्या गावात हे घडले.

यात मला एक साधा प्रश्न पडतो. व्हॉट्सॲपचे स्टेटस कोणाला दिसते? ज्याचा नंबर तुमच्याकडे आणि तुमचा नंबर त्याच्याकडे साठवलेला आहे, त्याला. रस्त्यावर आलेल्या जमावातल्या किती जणांच्या फोनमध्ये त्या पोरांचे नंबर असतील? म्हणजे मूळ स्टेटस पाहिलेले मोजके असणार. बाकीच्यांपर्यंत पोहोचला तो स्क्रीनशॉट, आणि त्याहून जास्त पोहोचले ते 'अमक्याने असे असे ठेवले म्हणे'. मूळ मजकूर चोवीस तासांत गेला, 'म्हणे' शिल्लक राहिले.

इथे काही वाचक म्हणतील, की मग पोरांनी तसले ठेवायचेच कशाला? बरोबर आहे. चिथावणी देणे वाईटच, आणि ते स्टेटसला असो की वर्तमानपत्रात, त्याचे समर्थन मी करणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात हेच सांगितले होते: स्टेटस हा आपल्या ओळखीच्यांशी संवाद साधण्याचाच एक प्रकार आहे, लोक ते पाहायला येतात, म्हणून ठेवणाऱ्याने जबाबदारीने वागले पाहिजे. ते चोवीस तासांनी जाते, याचा विचार करूनही न्यायालयाने गुन्हा रद्द केला नाही. थोडक्यात, कायद्याच्या लेखी 'तात्पुरते' असे काही नसते. बोललात म्हणजे बोललात.

पण जबाबदारीची अपेक्षा करायची, तर त्यासाठी लागणाऱ्या तीन गोष्टी स्टेटस काढून घेते.

१) संदर्भ. स्टेटसच्या एका चौकोनात युक्तिवाद मावत नाही, मावते फक्त घोषणा. आधीचे स्टेटस काय होते, नंतर काय आले, कशाला उत्तर म्हणून हे आले, ते कापलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही.

२) उत्तर. स्टेटसला कोणी उत्तर दिले तर ते फक्त ठेवणाऱ्याला दिसते. चारशे जणांनी मत पाहिले, त्यावरचा आक्षेप एकाने. वर्तमानपत्रातल्या लेखाला निदान वाचकांच्या पत्रव्यवहारात उत्तर छापून येते.

३) दुरुस्ती. हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. चुकीची माहिती दिली, तर ती चोवीस तासांनी गुपचूप जाते. 'काल ठेवले ते चूक होते' असे दुसऱ्या दिवशी कोण ठेवतो? ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या डोक्यात मात्र ते तसेच राहते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या तिसऱ्या मुद्द्याचे महत्त्व लगेच कळेल. आमच्याकडे नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी शिकवतात, की नोंदवहीत खोडरबर चालत नाही. पेन्सिल नको, व्हाइटनर नको, पान फाडणे तर नाहीच. चुकले तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. छापून आलेल्या शोधनिबंधांचेही तसेच. गोवरच्या लशीचा (एमएमआर) संबंध ऑटिझमशी जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध 'लॅन्सेट'ने १९९८ मध्ये छापला आणि २ फेब्रुवारी २०१० रोजी मागे घेतला. मागे घेतला म्हणजे गायब केला नाही. तो आजही पाहायला मिळतो, त्यावर 'मागे घेतला' असा ठळक शिक्का आहे. काय म्हटले होते, कोणी म्हटले होते आणि ते का टिकले नाही, हे कोणालाही तपासता येते. गायब केला असता, तर 'सत्य दडपले' म्हणणाऱ्यांचेच फावले असते.

खोडणे आणि पुसणे यांत हा फरक आहे. खोडण्यात माणूस आपल्या शब्दांची जबाबदारी घेतो. पुसण्यात ती घ्यावीच लागत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना आपण हातात दिलेले पहिले जाहीर व्यासपीठ हे असे, आपोआप पुसणारे आहे.

बरे, पुसले जाते तरी का? तेही अर्धेच. स्नॅपचॅटने 'संदेश नाहीसे होतात' असे वचन दिले होते. ते ठेवून घेण्याचे अनेक सोपे मार्ग असल्यामुळे हे वचन फसवे आहे, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि मे २०१४ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. फ्लीट्स जगभर सुरू झाल्यावर आठवडाही उलटला नव्हता, तेवढ्यात चोवीस तासांनंतरही ते पाहता येतात अशी त्रुटी उघड झाली. आणि व्हॉट्सॲप स्टेटसचा स्क्रीनशॉट घेतला, तर ठेवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. टाइप करून ठेवलेले स्टेटस ठेवणाऱ्याच्या हातून जाते आणि तक्रार करणाऱ्याच्या फोनमध्ये राहते. वाद पोलीस ठाण्यात पोहोचला की पुरावा एकाच बाजूकडे असतो.

आता उलट बाजू. 'मग काय, सगळे कायमचे लिहा म्हणता? कायमचे लिहिणाऱ्यांवर गुन्हे होत नाहीत?' होतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीने त्या फक्त 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. म्हणजे कायमची पोस्टही सुरक्षित नाहीच.

पण पुढे काय झाले, ते आठवा. तिने नेमके काय लिहिले होते, ते जसेच्या तसे देशभर छापून आले. लोकांनी वाचले आणि विचारले, यात गुन्हा कुठे आहे? तिच्या शब्दांनीच तिची बाजू मांडली. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला. त्या संतापातून श्रेया सिंघल या दिल्लीच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरून रद्द झाले. कोल्हापूरच्या पोरांच्या बाबतीत आजही तुम्हाला-मला 'आक्षेपार्ह' या एका विशेषणापलीकडे फारसे काही माहीत नाही. त्यांच्यातले कोण खरोखर द्वेष पसरवत होते आणि कोणी नुसता मूर्खपणा केला, हे आपण ठरवूच शकत नाही.

आणखी एक आक्षेप जास्त खरा आहे. दुर्बळाला पुसण्याची सोय लागते. घरातल्या छळाविषयी मैत्रिणीला लिहिणारी बाई, आपली लैंगिकता लपवावी लागणारा मुलगा, ऑफिसातला गैरव्यवहार सांगणारा कारकून... यांनी कायमचा माग का ठेवावा? ठेवू नयेच! पण त्यांचे संदेश दोन माणसांमधले असतात. त्यांच्यासाठी नाहीसे होणारे संदेश ही चांगली सोय आहे, ती काढू नये. दोघांतली कुजबूज आणि चारशे जणांसमोरची घोषणा यांत फरक आहे. स्टेटस घोषणेसारखे पसरते आणि कुजबुजीसारखे नाहीसे होते, म्हणून ते धोक्याचे.

हे सगळे मी शारजात, अल मजाजमध्ये बसून का लिहिते आहे?

कारण या प्रकरणात आपली, म्हणजे परदेशस्थांचीही एक भूमिका आहे, आणि ती फारशी शोभणारी नाही.

इथे आपण काय करतो ते पाहू. संयुक्त अरब अमिरातीत ऑनलाइन लिखाणावर २०१२ पासून कडक कायदा होता. जानेवारी २०२२ पासून अफवा आणि सायबर गुन्ह्यांविरुद्धचा नवा कायदा (२०२१ चा ३४ वा) लागू आहे. बदनामी, धर्माचा अवमान, दुसऱ्याचा फोटो परवानगीविना टाकणे, या सगळ्याला तुरुंग आणि लाखो दिरहमांचे दंड आहेत. कायदा फारच कडक आहे, आणि त्याची भलामण मी करत नाही; लोकशाहीत तो मला चालणार नाही. पण त्याचा परिणाम सर्वांना ठाऊक आहे. नव्याने आलेल्या माणसाला ऑफिसातले जुने लोक पहिल्याच आठवड्यात बाजूला घेऊन सांगतात, 'बाबा रे, फोनवर काय टाकतोस ते जपून.' एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या सुरुवातीला आखातातल्या काही भारतीयांनी मुसलमानांविरुद्ध पोस्ट टाकल्या. शारजाच्या राजघराण्यातल्या शेखा हेंद अल कासिमी यांनी त्यावर जाहीर इशारा दिला, काहींच्या नोकऱ्या गेल्या, आणि २० एप्रिलला भारताचे तेव्हाचे राजदूत पवन कपूर यांना 'भेदभाव आपल्या मूल्यांत आणि कायद्यात बसत नाही' अशा अर्थाचे ट्वीट करावे लागले. तेव्हापासून आपले स्टेटस अगदी सोज्वळ असते. खालिद लगूनवरचा सूर्यास्त, अन-नूर मशिदीची रोषणाई, मुलांचे मार्कशीट, विमानतळावरची कॉफी.

आणि घरच्या ग्रुपवर? 'हे वाचा, डोळे उघडतील', 'इतिहासात हे शिकवत नाहीत', 'हे प्रत्येक हिंदूपर्यंत (किंवा प्रत्येक मुसलमानापर्यंत, किंवा प्रत्येक मराठ्यापर्यंत...) पोहोचवा.' रात्रीच्या जेवणानंतर सोफ्यावर बसून आपले सुशिक्षित लोक हे कोल्हापूर, सांगली, साताऱ्याला धाडतात. त्यातले एकही वाक्य ते स्वतःच्या स्टेटसला इथे ठेवणार नाहीत. तिथे ते वाचतो अकरावी-बारावीतला पुतण्या. काका दुबईत मॅनेजर, म्हणजे ते खरेच असणार. पोरगा ते उचलतो आणि आपल्या स्टेटसला ठेवतो.

माझ्या नात्यात हे घडले आहे. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. आखातातून आलेला एक इतिहासाचा 'डोस' त्याने स्टेटसला ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. तोवर स्टेटस गेलेले. बापाला कळेना, पोराने नेमके लिहिले काय होते. पोराला शब्द धड आठवेनात, कारण ते त्याचे नव्हतेच. समोर होता तो एक कापलेला स्क्रीनशॉट. रात्री साडेदहापर्यंत दोघांना बाकावर बसवून, समज देऊन सोडले. थोडक्यात सुटला. ज्यांनी तो मजकूर पाठवला होता, त्यांनी ग्रुपवर लिहिले, 'हल्लीच्या मुलांना काही पोच नाही.'

समजा, गुन्हा दाखल होऊन तो कोर्टात उभा राहिला असता. आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको, की पासपोर्ट कायदा १९६७ च्या सहाव्या कलमानुसार भारतातल्या न्यायालयात फौजदारी खटला चालू असलेल्याला पासपोर्ट नाकारता येतो. बाहेरच्या नोकरीसाठी पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागतात, तिथेही हे आडवे येते. ज्या दाराने आपण बाहेर पडलो, आपले घर चालवले, तेच दार आपल्या एका फॉरवर्डमुळे आपल्याच पुतण्याला बंद होऊ शकते. यात धर्म कुठलाही असो, हिशोब बदलत नाही. फक्त अल्पसंख्याकांच्या पोराला तो जास्त लवकर आणि जास्त महाग पडतो, हे वर हातकणंगल्याच्या उदाहरणात दिसलेच.

मग करायचे काय? व्हॉट्सॲप कंपनी ट्विटरसारखे स्टेटस काढून टाकेल, ही आशा सोडा. जून २०२५ मध्ये कंपनीने स्टेटसमध्ये जाहिराती आणण्याची घोषणा केली. ज्या जागेचे भाडे मिळू लागते, ती जागा कोणी पाडत नाही. सरकारने बंदी घालावी, असे मी कदापि म्हणणार नाही. सरकारच्या हातात पुसणी देणे हा याहून मोठा धोका. राहता राहिलो आपण. मी स्वतः पाळते ते चार नियम असे:

१) मत असेल तर ते नाव आणि तारीख घालून, सलग परिच्छेदात, उत्तर देता येईल अशा ठिकाणी लिहावे. तेवढे कष्ट घ्यावेसे वाटत नसतील, तर ते मत अजून पिकलेले नाही असे समजावे.

२) चुकल्याचे कळले तर पुसून गप्प बसू नये. त्याच ठिकाणी 'हे चूक होते, बरोबर असे' म्हणून लिहावे. वहीतल्या आडव्या रेघेसारखे.

३) ओळखीतल्या कोणा पोराने वेडेवाकडे स्टेटस ठेवलेले दिसले, तर स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नये. स्टेटसच्या खाली उत्तराची चौकट असते, तिथे लिहावे, किंवा सरळ फोन करावा. 'अरे, हे कुठून आले? खरे आहे का, पाहिलेस का?' एवढे विचारणारे एक मोठे माणूस बहुतेक वेळा पुरते.

४) जे मी शारजात माझ्या स्वतःच्या स्टेटसला ठेवणार नाही, ते मी कोल्हापूरला पाठवणार नाही.

चौथा नियम सर्वांत सोपा आणि पाळायला सर्वांत अवघड आहे, कारण त्यात आपल्याला हातचे काही राखता येत नाही. कायद्याच्या भीतीने इथे जी सभ्यता आपण पाळतो, ती भीती नसतानाही घरच्यांशी बोलताना पाळायची, एवढेच तो मागतो.

या शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी घरी फोन कराल, तेव्हा खुशाली विचारून झाल्यावर भाच्याला किंवा पुतण्याला फोनवर घ्या आणि त्याच्या स्टेटसला हल्ली काय असते, ते विचारा. तुम्हीच पाठवलेले काही त्यात निघाले, तर ते कुठून आले होते, हेही त्याला सांगा.